आनेकलचा पट्टा आणि सुमनअक्कांची ओटी

बेंगळुरूला आमच्याकडची माणसं मुलाकडे जातात, नाहीतर इलाजाला. मी गेले तपासणीला. हे ऐकून शेजारणीने विचारलं, "रक्ताची का लघवीची?" म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

कोल्हापुरात माझी खानावळ आहे. एका कॉलेजच्या मुली माझ्याकडे जेवतात. त्या कॉलेजात कुणाला माणसांवर संशोधन करायचं असेल तर एका समितीची परवानगी लागते. समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, आणि नियमाप्रमाणे एक 'सामान्य व्यक्ती' असावी लागते, जिचा शास्त्राशी काही संबंध नाही. प्राचार्यांना सामान्य म्हटल्यावर पहिलं माझं नाव आठवलं. मी त्याचा राग मानला नाही. काम सरळ आहे. संशोधकाने जे लिहिलंय ते वाचायचं आणि दोन गोष्टी विचारायच्या: जिच्यावर हे करणार तिला हे कळेल का, आणि तिला नको असेल तर ती नको म्हणू शकेल का.

यंदा आमच्यापुढे कामगार बायकांच्या झोपेचा अभ्यास होता. काही बायका आमच्या भागातल्या सूतगिरणीतल्या, काही बेंगळुरूजवळ आनेकलला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या. आनेकलच्या बऱ्याचशा निपाणी-चिकोडीकडून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या. मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधायचा, तो रात्रंदिवस, अंघोळ सोडून, काही महिने. कोण कधी झोपली, कधी जागी झाली, हे तो टिपून घेतो. कारखान्यात बायकांवर दबाव तर येत नाही ना, हे कुणीतरी जाऊन बघावं असं ठरलं. डॉक्टरांना दवाखाना होता, वकिलांना तारखा होत्या. खानावळ मात्र आपोआप चालते असा एक सार्वत्रिक समज आहे.

नावं सगळी बदलली आहेत. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना फोनवर वाचून दाखवलंय. एकीने एक वाक्य काढायला लावलं. ते काढलं, आणि ते कुठलं होतं हे सांगणार नाही.

महादेवपुरा

अभ्यास करणारी नीरजा मूळची पुण्याची. हुशार, तरतरीत, बोलण्यात अर्धं इंग्रजी. बेंगळुरूच्या या भागात तिच्या सोसायटीच्या खाली पाण्याचे टँकर रांगेत उभे होते आणि समोर काचेच्या इमारती. वॉचमनशी ती हिंदीत बोलते, तो ओडिशाचा आहे. भाजीवालीशीही हिंदी. मी विचारलं, इथे कन्नड बोलतं तरी कोण? म्हणाली, "ऑटोवाले, आणि तेही रागावले की."

सकाळी तिने कोपऱ्यावरच्या टपरीवर तट्टे इडली खायला नेलं. ताटलीएवढी पसरट इडली, वर लोण्याचा गोळा. आमच्याकडे इडली सांबारात बुडवून मारतात. इथे चटणीला लावून खातात, आणि चटणी संपली की न मागता पुन्हा वाढतात. खानावळीच्या हिशोबात हे मला परवडलं नसतं.

कॉफी घेताना नीरजा मोठ्या आनंदाने म्हणाली, "ताई, इतका लाँग स्टडी आणि ड्रॉपआउट फक्त एक! बाकीच्या टीम्सचं रडगाणं ऐकलं ना, निम्म्या बायका मध्येच पट्टा काढून देतात. आमच्याकडे झीरो कंप्लेंट."

मला बरं वाटलं नाही. खानावळीत सगळ्या मुली महिनाभर 'भाजी मस्त' म्हणायला लागल्या की मी स्वतः जाऊन पातेल्यात बघते. इतक्या जणींना सगळं सारखंच कधी आवडत नसतं.

"सोडून गेली ती कोण?" मी विचारलं. "मला आधी तिला भेटायचंय."

"तिला कशाला? ती तर डेटात नाहीये."

"म्हणूनच."

आनेकल

बसमध्ये चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कंडक्टर "स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे" म्हणत सगळ्यांना पुढे ढकलत होता. मी चप्पल हातात घेऊन स्वल्प पुढे सरकले. खिडकीतून नाचणीची रिकामी शेतं दिसत होती, मध्येच निळ्या पत्र्याची शेड, परत शेत. आनेकलला उतरल्यावर अनवाणीच पहिलं दुकान गाठलं आणि रबरी चप्पल घेतली. समितीच्या प्रतिष्ठेला ती शोभणारी नव्हती, पण पुढचे तीन दिवस तीच पायात होती.

स्टँडवर सुमनअक्का न्यायला आल्या होत्या. या नीरजाच्या टीममध्ये बायकांशी बोलणं-चालणं बघतात. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात राहिलेलं. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड येतं आणि त्यांना ते कळतही नाही.

"या वैनी. ऊटा आयता? जेवण झालं का?"

"इडली झालीय."

"ती काय जेवण हाय होय?"

कारखान्यात मी शोधायचं ते शोधलं. सुपरवायझरला विचारलं, कुठल्या बायका अभ्यासात आहेत? त्याला माहीत नव्हतं. त्याला कळू नये म्हणून बायकांनी शिफ्टमध्ये पट्ट्यावरून बाही खाली ओढून घेतलेली असते. साहेबांना विचारलं, झोपेची माहिती तुम्हाला मिळते का? ते म्हणाले, मागितली होती, नीरजा मॅडमनी साफ नाही म्हटलं. पट्टा घातल्याने कुणाचा पगार वाढला नव्हता, न घातल्याने कुणाचा कापला नव्हता. सगळं चोख. मी ज्या दबावाचा वास घ्यायला आले होते तो तिथे नव्हताच.

दुपारी शेवंताच्या खोलीवर गेले. सोडून गेलेली ती हीच. अक्कांना मी स्टँडजवळच थांबायला सांगितलं होतं.

"मी असले तर काय होतंय?" त्या म्हणाल्या.

"काही होत नाही. तरी थांबा."

एका खोलीत शेवंता आणि रेणुका अशा दोघी राहतात. शेवंता चाळिशीची, चिकोडीकडची, नवरा वारलेला. रेणुका तिच्याहून लहान, तिशीच्या आतबाहेर, बोलायला हळू. त्या दिवशी दोघींची सुट्टी होती. शेवंताने नाचणीचे उंडे केले होते, मुद्दे म्हणतात त्याला इथे. गरम गोळा, बरोबर पालेभाजीचं पातळ सारू. मी भाकरीच्या सवयीने चावायला लागले.

"चावताय काय मावशी? गिळा! पोटात गेलं की कळतंय चव."

मी गिळला. चव काही कळली नाही, पण संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही. त्या दृष्टीने पदार्थ उत्तम आहे.

जेवण झाल्यावर मी शेवंताला विचारलं, पट्टा का काढला? आणि लगेच म्हटलं, सांगायलाच पाहिजे असं नाही.

"सांगायला काय झालं? खाजत होता. काढला, दिला. त्यांनी घेतला."

"बाकीच्या कुणाला खाजत नाही?"

ती हसली. "सगळ्यांना खाजतंय. पण त्यांची ओटी भरलीय न्हवं!"

मला काही कळलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. अभ्यास सुरू झाला तो संक्रांतीच्या दिवसांत. सुमनअक्कांनी एका हॉलमध्ये हळदीकुंकू केलं. तिळगूळ होता, इथल्या रिवाजाचा येळ्ळु-बेल्ला म्हणजे तीळ, गूळ, खोबरं यांचं मिश्रणही होतं. नीरजाने माहितीचा कागद वाचून दाखवला, कधीही सोडता येईल, कारण द्यावं लागणार नाही, सगळं व्यवस्थित. मग अक्कांनी एकेकीला पाटावर बसवून कुंकू लावलं, खण, नारळ आणि तांदूळ घालून ओटी भरली, आणि त्याच वेळी, पदरात नारळ असताना, तिच्या मनगटावर पट्टा बांधला.

"मी रांडमुंड बाई, मला कोण ओटी भरतंय? मी त्या दिवशी आत चहा करत होतो. नंतर येऊन त्यांनी मला नुसता पट्टा बांधला," शेवंता म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच 'करत होतो' म्हणतात. "मला कशाची भीड? दुसऱ्या आठवड्यात दिला काढून."

इतका वेळ गप्प असलेल्या रेणुकाकडे तिने हनुवटीने खूण केली. "हिला विचारा आता."

मी विचारलं नाही, थांबले. रेणुका मनगटावरचा पट्टा फिरवत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मला नको झालाय. खरंच नको झालाय. पण कसं म्हणू? अक्कांनी माहेरवाशिणीसारखी ओटी भरली माझी. इथं आल्यापासनं कुणी भरली नव्हती. आता काढून दिला तर त्यांचं मन मोडंल."

"तुला कधीही सोडता येतं. नियमच आहे तसा."

"हाय की. वाचून दाखवलंय."

"मग मी सांगते अक्कांना. तू काही बोलू नकोस."

ती एकदम सावरून बसली. "नको मावशी! त्यांना वाटंल मी तुमच्याकडं तक्रार केली. त्यापरीस राहू दे पट्टा."

राहू दे कसा? रात्री झोपताना तो तिच्या हातावर असतो, ती कूस बदलते ते कुठेतरी नोंदलं जातं, आणि ते तिला नको आहे. पण तिचं 'नको' ओटीच्या खाली दबलेलं. मी विचार केला, माझी ओटी ज्या घरी भरली त्या घरच्यांना तोंडावर नको म्हणणं मला तरी जमलं असतं का? सासूबाईंच्या मावशीने एकदा ओटी भरून माझ्या हातात तिच्या नातीचं स्थळ ठेवलं होतं, माझ्या भावासाठी. महिनाभर मी फोन उचलला नाही, पण नाही म्हणाले नाही.

संध्याकाळी दोघींबरोबर बाजारात गेले. तिथे एक गोष्ट बघितली. भाजीवाला मेथीची जुडी पुढे करतो, रेणुका म्हणते, "बेडा." नको. तो भाव उतरवतो, ती चालता चालता, "बेडा अण्णा." मागे वळूनही बघत नाही. परक्याला, परक्या भाषेत, तिला नको म्हणताना काहीही वाटत नव्हतं. अडलं होतं ते आपल्या माणसापाशी.

शिवाजीनगर

दुसऱ्या दिवशी नीरजाला फोन करून सांगितलं.

"ताई, आय मीन... हळदीकुंकू हा कल्चरल ट्रस्ट-बिल्डिंगचा भाग होता. प्रपोजलमध्ये नव्हतं ते, मान्य. पण आता सगळ्यांना पुन्हा विचारलं आणि सगळ्या सोडून गेल्या तर स्टडीच उरणार नाही."

"ज्यांना राहायचंय त्या राहतील."

"आणि नाही राहिल्या तर?"

"तर तुझ्याकडे आत्ता जे आहे तो अभ्यास नाही, भीड आहे. ती मोजायला पट्टा कशाला हवा?"

हे जरा लागलं तिला. पण पोरगी चांगली आहे. म्हणाली, "तुम्ही अक्कांशी बोलाल का? मी बोलले तर त्यांना वाटेल नोकरीचं बोलतेय." भीड तिलाही होतीच.

सुमनअक्कांचं घर शिवाजीनगरच्या बाजारामागे आहे. खाली पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्यांची ठोकाठोक, बाजूला बेकरीतून येणारा भाजलेल्या बनचा वास. जिन्याने वर गेलं की एकदम शेणाने सारवल्यासारखी शांतता. त्यांनी तांदळाची मऊ अक्की रोटी केली होती, शेपू घातलेली. मी दोन खाल्ल्या आणि तिसरीच्या आधी विषय काढला, कारण पोट भरल्यावर आपण गुळमुळीत बोलतो.

सगळं ऐकून त्यांनी तवा उतरवला.

"कोण म्हणालं? रेणुका?"

"नाव सांगणार नाही."

"म्हणजे रेणुकाच."

"अक्का, तुम्ही सगळ्यांची नावं घेतलीत तरी मी हेच म्हणणार."

"मी काय लाच दिली का वैनी? खण, नारळ, मूठभर तांदूळ. पोरी घर सोडून आल्यात. एका खोलीत चार-चार राहतात. सणाला कुणी हाक मारत न्हाई. नीरजा मॅडमनी कागद वाचला तेव्हा सगळ्या भिंतीकडं बघत होत्या. मी कुंकू लावलं तेव्हा रडल्या. खरं काय ते मला कळतंय की."

हे खरं होतं, आणि मला ते खोडता आलं नाही. कागद वाचून कुणाला विश्वास वाटत नाही. समितीत बसून आम्ही त्या कागदातल्या शब्दांवर तास घालवतो, आणि इथे विश्वास ठरला तो कुंकवाच्या बोटावर. पण तेच बोट नंतर नकाराच्या आड आलं. अक्का कडक असत्या, आरडाओरडा करणाऱ्या असत्या, तर रेणुकाने कधीच पट्टा फेकला असता. त्या चांगल्या होत्या म्हणून ती अडकली होती. आमच्या नियमांत पैशाचं आमिष आहे, साहेबाचा धाक आहे. मायेचं काय करायचं, हे कुठेही लिहिलेलं नाही.

"तुमची ओटी खोटी नव्हती," मी म्हटलं. "पण ओटी आणि पट्टा एकाच हाताने, एकाच पाटावर दिलात. आता त्यांना ते सुटं करता येत नाही."

अक्कांनी माझ्या ताटात तिसरी रोटी टाकली, जरा जोरातच.

"आणि शेवंतानं सोडलं ते?"

"तिची तुम्ही भरली नव्हती."

यावर त्यांचा चेहरा बदलला. त्या उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा आवाज साधा होता. "सरी. बरं, मग त्यांनी माझी ओटी भरू दे. फिटंफाट होऊ दे. आमच्याकडं माहेरवाशीण जाताना भावजयीची ओटी भरून जातेच की. मग कुणाचं कुणावर काय राहत न्हाई."

मला हे सुचलं नव्हतं. मी फक्त पट्टा काढून कोण घेणार यावर अडून बसले होते. माझ्या तीन अटी होत्या: तो अक्कांनी घ्यायचा नाही, त्या वेळी त्यांनी खोलीतही थांबायचं नाही, आणि कुणी का सोडतेय हे नंतरही विचारायचं नाही. त्यांनी पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसरीला म्हणाल्या, "एवढं पण विचारायचं न्हाई? काळजीनं?"

"काळजीनंच विचारायचं नाही."

पुन्हा आनेकल

रविवारी त्याच हॉलमध्ये बायका जमल्या. खण-नारळ बायकांनीच आनेकलच्या बाजारातून आणले. अक्का पाटावर बसल्या. आता उलट झालं होतं, एकेक येऊन त्यांना कुंकू लावत होती आणि त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. एकीने चेष्टा केली, "अक्का, लाजताय काय? नवी नवरी दिसताय!" त्यावर सगळा हॉल हसला आणि वातावरण सैल झालं.

शेवटी अक्का शेवंताकडे वळल्या. "तू पण ये गं. भर माझी ओटी. आणि नंतर मी तुझी भरते. त्या दिवशी चुकलं माझं."

विधवेने ओटी भरायची, आणि तिची भरायची, हे तिथे बऱ्याच जणींनी पाहिलेलं नसावं. शेवंताने हात जोडले.

"कुंकू लावतो, नारळ देतो. माझी मात्र भरू नका अक्का. मी मोकळी हाय तशी बरी हाय. मला कशाला गुंतवताय आता?"

अक्का आधी दचकल्या, मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंताने त्यांना कुंकू लावलं.

मग अक्का घरी गेल्या. खरंच गेल्या, मी त्यांना बसमध्ये बसवून आले. नीरजाही आली नव्हती. पट्टे घ्यायला ऑफिसातली एक कन्नड मुलगी बसली होती, जिला यांच्यापैकी कुणीही ओळखत नव्हतं. बाजूला पडदा. ज्यांना द्यायचाय त्यांनी आत जायचं, ज्यांना ठेवायचाय त्यांनीही आत जाऊन यायचं, म्हणजे बाहेरून काही कळणार नाही. काही जणींनी दिले, बऱ्याच जणींनी ठेवले. नीरजाचा अभ्यास लहान झाला, पण चालू आहे.

अहवालात मी दोनच सूचना लिहिल्या. बायकांना अभ्यासात जोडणाऱ्या माणसाने त्यांचे पट्टे परत घ्यायला बसू नये. आणि भेटवस्तू द्यायची तर अभ्यास संपल्यावर द्यावी, सुरू होताना नाही. डॉक्टरांनी विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? मी म्हटलं, बसत नसेल तर नियम थोडा सरकवा.

रेणुका त्या दिवशी बाहेर आली तेव्हा मनगटावर उन्हाने न रापलेली एक फिकट पट्टी दिसत होती. संध्याकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. रस्त्यात आम्ही काकडीला मीठ-तिखट लावून खाल्ली. ती सारखं मनगट चोळत होती.

आता खरं सांगायचं तर मला विचारायचं होतं. चार दिवस मी त्या एका गोष्टीवर धावले होते. ती रात्री कुठे जात होती? का नुसतंच खाजत होतं? का पट्ट्याने असं काही टिपलं असतं जे तिला स्वतःलाही बघायचं नव्हतं? बस येईपर्यंत मी आनेकलच्या हवेबद्दल, चपलेबद्दल, कारखान्याच्या कँटीनबद्दल बोलले.

बस लागली. मी पायरीवर पाय ठेवला तशी ती म्हणाली, "मावशी, तुम्ही विचारणार न्हाई? का सोडला म्हणून?"

"नाही."

"बरं केलं," ती हसून म्हणाली. "सांगितलं नसतं."